आईचा ‘स’

मी दात बनवतो. म्हणजे कवळ्या. दातांच्या दवाखान्यात पुढच्या खोलीत डॉक्टर मॅडम लोकांच्या हिरड्यांची मापं घेतात. मागच्या खोलीत मी त्या मापांवरून प्लास्टरचे जबडे ओततो, मेणात एकेक दात बसवतो, मग पक्की कवळी करून घासतो, चकचकीत करतो आणि डबीत घालून पुढे देतो. देतो म्हणजे मधल्या पडद्यातून फक्त हात बाहेर काढतो. पडद्यापलीकडे माणसं असतात, आणि माणसं विचारतात, ‘काय, कसं काय?’ या प्रश्नाचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

माझ्या फळीवर जुने-नवे कितीतरी जबडे ओळीनं मांडलेले आहेत. सगळ्यांची तोंडं उघडी, पण एकही जण काही विचारत नाही. अशा मंडळींत मी दिवसभर मजेत असतो. चार जिवंत माणसं दिसली की मात्र माझी दातखीळ बसते, आणि माझ्या धंद्यातल्या माणसाला हे अजिबात शोभत नाही. दवाखान्यात नावनोंदणीला बसणाऱ्या बाई मला मौनीबाबा म्हणतात. मी त्यावर हसतो. हसायला बोलावं लागत नाही.

फोन वाजला की तो थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत बसतो. थांबला की हायसं वाटतं, आणि मग कोणाचा असेल याची काळजी लागते. दुकानात गेलो तर माझ्याकडे एकच शब्द असतो, ‘चालेल’. हा फार सोयीचा शब्द आहे. तो म्हटला की समोरच्याचं समाधान होतं आणि आपल्याला घरी जाता येतं. घरी काय घेऊन जावं लागतं हा भाग वेगळा.

असा माणूस चाळिशीपर्यंत पोचलाच कसा, असं कोणालाही वाटेल. आईमुळे पोचला. आई माझी बोलणारी बाजू होती. शाळेत बाईंनी ‘नाव काय बाळ तुझं?’ विचारलं, ते आईनं सांगितलं. डॉक्टरांनी पोटाला हात लावून ‘इथे दुखतं का?’ विचारलं, तर ‘थोडं डावीकडे’ हे आईनं सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. ही नोकरीही तिनंच मिळवली. ती दाढ दाखवायला खुर्चीत बसली होती, तोंडात आरसा होता, आणि त्या अवस्थेत तिनं डॉक्टर मॅडमना माझे सगळे गुण ऐकवले. मी बाहेर बाकावर बसून पायातल्या चपला बघत होतो. सोमवारपासून कामावर यायचं असं ठरलं तेव्हा ‘येईल तो’ हेही तीच म्हणाली. बाबा होते तोवर ती आम्हा दोघांचं मिळून बोलायची, कारण बाबाही माझ्याच पंथातले. पुढे तिला एकट्या माझंच बोलायचं उरलं, तेव्हा उरलेला सगळा वेळ तिनं मावशीला दिला. मावशी म्हणजे तिची धाकटी बहीण, दुसऱ्या गावी राहणारी. रोज दुपारी दोघींचा फोन चालायचा. कोणी फोन लावला होता हे दोघींनाही शेवटी आठवत नसे.

मग आईच्या हिरड्या बिघडल्या. दात हलायला लागले आणि डॉक्टर मॅडमनी ते एकेक करत सगळे काढले. जखमा भरल्यावर तिचं माप माझ्या टेबलावर आलं. आयुष्यात मी एवढी जीव लावून कवळी केली नव्हती. तिचे खरे दात कसे होते ते मला पाठ होतं, कारण तिचं तोंड मी कधी मिटलेलं पाहिलंच नव्हतं. समोरचा एक दात किंचित तिरका होता, तोही मी तसाच बसवला.

कवळी दिसायला उत्तम झाली. डॉक्टर मॅडमनी ती आईच्या तोंडात बसवली आणि नेहमीप्रमाणे म्हणाल्या, “आता साठपासून मोजा.”

कवळी तपासायची ही आमची रीत आहे. साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट. प्रत्येक आकड्यात ‘स’ येतो, आणि कवळीत काही खोट असली तर ‘स’ लगेच चहाडी करतो. आईनं छाती भरून श्वास घेतला आणि ‘साठ’ म्हटलं, ते एवढ्या लांब शिट्टीसकट की बाहेर बसलेल्या एका गृहस्थांनी मागे वळून पाहिलं. एकसष्टला नावनोंदणीच्या बाईंनी रजिस्टरमध्ये तोंड घातलं. बासष्टपर्यंत आई गेलीच नाही. तिनं कवळी काढली, रुमालात गुंडाळली, पर्समध्ये टाकली आणि पदर तोंडाला लावून घरी निघून आली.

डॉक्टर मॅडमनी मला पडद्याआड येऊन समजावलं. “कवळी चांगली आहे. पुढच्या दातांच्या मागे टाळूकडचा भाग थोडा जाड करायला हवा, एवढंच. पण किती, ते त्या बोलतील तेव्हाच कळणार. आणि नुसतं मोजून भागत नाही. मोजताना माणूस जपून बोलतो. गप्पा मारायला लागला की खरा ‘स’ बाहेर येतो. तुम्ही घरी त्यांना कवळी लावायला सांगा आणि त्यांच्याशी गप्पा मारा.”

“चालेल,” मी म्हणालो.

गप्पा मारायच्या, आणि त्या मी. त्या दिवशी संध्याकाळी मी आईसमोर बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी म्हणालो, “आज उकडतंय.” आईनं मान डोलावली. माझ्याकडचा विषय संपला. कवळी पाण्याच्या वाडग्यात पडून होती आणि आमच्या दोघांपेक्षा जास्त हसत होती.

तेव्हापासून आईनं बोलणंच सोडलं. बाहेर जाणं सोडलं, फोन घेणं सोडलं, खाली फाटकाशी तिच्या मैत्रिणी बसायच्या तिथे जाणंही सोडलं. अगदी नडलं तर हिरड्यांनी काहीतरी पुटपुटायची, आणि ते मला हळूहळू कळायला लागलं. बाकी वेळ खिडकीशी बसायची. घर इतकं शांत झालं की नळाचा थेंब ऐकू यायचा. शांतता ही माझी आयुष्यभराची मागणी होती. ती पुरी झाली आणि मला दोन घास गोड लागेनात.

त्यात जगाचे सगळे व्यवहार माझ्या अंगावर आले. आईनं साबण आणायला धाडलं. मी दुकानात साबण म्हणालो, पण बहुतेक मनातच म्हणालो असणार, कारण दुकानदारानं झुरळं मारायची पावडर काढली आणि विचारलं, “ही देऊ?” मी म्हणालो, चालेल. आईनं ती पावडर बघितली, माझ्याकडे बघितलं आणि दाराकडे बोट केलं. बदलून आण. पूर्वी ती स्वतः गेली असती आणि दुकानदाराचीच झडती घेऊन आली असती. मी कामावरच्या जबड्यांसमोर ‘मला साबण हवा होता’ हे वाक्य घोटून घोटून पाठ केलं आणि दुसऱ्या दिवशी साबण आणला. आईनं साबणाचा वास घेतला आणि माझ्या डोक्यावर टप्पल मारली.

मग वरच्या मजल्यावरून स्वयंपाकघरात पाणी गळायला लागलं. आईनं छताकडे बोट केलं, मग माझ्याकडे. मी जिना चढेपर्यंत वाक्य तयार होतं, ‘तुमच्या मोरीचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात गळतंय.’ दार उघडलं. बनियनमधले एक धिप्पाड गृहस्थ समोर उभे राहिले आणि मी म्हणालो, “आमच्या स्वयंपाकघराचं पाणी तुमच्या मोरीत गळतंय.” त्यांनी क्षणभर विचार केला, मग मोठ्या मनानं म्हणाले, “असू दे, होतं असं कधीकधी.” आणि दार लावून घेतलं. मी ‘आभारी आहे’ म्हणून खाली आलो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि मला पुन्हा वर पाठवलं. दुसऱ्या खेपेला जमलं. त्यांनी खाली येऊन छत बघितलं, प्लंबर आणला, आणि जाताना माझ्या पाठीवर थाप मारून ‘तुम्ही भारी विनोदी आहात हो’ म्हणाले.

राहता राहिली मावशी. रोज मी दुपारी जेवायला घरी आलो की तिचा फोन यायचा आणि आई हातानं खूण करायची, बाहेर गेले म्हणून सांग. मी सांगायचो, “आई बाहेर गेली आहे.” एवढं म्हणून लगेच ठेवून द्यायचो. मावशीला बहिणीच्या दातांचं माहीत होतं, शिट्टीचं माहीत नव्हतं. जी बाई कधी फोन सोडून उठत नव्हती ती रोज दुपारी बाहेर कुठे जाते, हे तिला कळेना. शेवटी एके दिवशी तिनं थेट माझ्या फोनवर, मी कामावर असताना फोन केला.

मी तेव्हा पडद्याबाहेर होतो. डॉक्टर मॅडमनी एका पेशंटच्या दातांचा रंग दाखवायला मला पुढे बोलावलं होतं. तिथे पेशंट, त्यांची बायको, नावनोंदणीच्या बाई आणि मी, म्हणजे माझ्या हिशेबानं ती सभाच होती. फोन वाजला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी घेतला.

“काय रे, ताई कुठाय?” मावशीनं विचारलं.

रोजचं वाक्य ओठांवर आलं, त्यातला मधला शब्द वाटेत कुठेतरी गळला.

“आई... गेली,” मी म्हणालो.

मग मावशीनं बारीक आवाजात विचारलं, “कधी?”

“सकाळीच.”

“अरे, आणि आम्हाला कळवलं नाहीस?”

“तीच म्हणाली होती, कोणाला सांगू नको.”

“कशानं गेली रे?”

बसनं की रिक्षानं असं ती विचारते आहे असं मला वाटलं. “चालत,” मी म्हणालो.

“चालता चालता?”

“हो.”

मावशी रडायला लागली. मावशी मुळातच हळवी आहे, बहिणीशी बोलणं झालं नाही म्हणून बिचारीला भरून आलं असणार, असं मला वाटलं. तिला धीर द्यावा म्हणून मी आपणहून म्हणालो, “तू वाईट वाटून घेऊ नकोस मावशी. तिला आता कसलाच त्रास नाही.”

“आम्ही निघतो,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मला त्या फोनचा किती अभिमान वाटला ते कसं सांगू. एवढं लांब मी फोनवर कधीच बोललो नव्हतो. प्रश्न आले, उत्तरं दिली, वर सांत्वनही केलं. नावनोंदणीच्या बाईसुद्धा म्हणाल्या, “मौनीबाबा, आज चक्क गप्पा?” संध्याकाळी मी शीळ घालत घरी आलो. आईला सांगितलं की मावशीशी मस्त बोललो, ती भेटायला येते आहे. आई चमकली, पण तिनं भाजीची परडी पुढे ओढली.

अंधार पडायच्या सुमाराला दार वाजलं. दाराजवळ आईच होती, तिनं उघडलं. बाहेर मावशी आणि तिचे यजमान, म्हणजे काका. मावशीचे डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. तिनं आईकडे पाहिलं. आईच्या हातात अर्धा सोललेला दुधी होता. मावशीनं ‘ताई’ म्हणायला तोंड उघडलं आणि ती तिथेच पायरीवर खाली बसली. काकांनी मला कोपऱ्यात घेऊन शांतपणे विचारलं की दुपारी मी नक्की काय बोललो. मी शब्दन् शब्द सांगितला. सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं, आणि वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. काकांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं ते हसू दाबत होते.

मावशीला आत आणून बसवलं. आई तिचा हात धरून हिरड्यांनी काहीतरी म्हणाली.

“काय म्हणते ही?” मावशीनं माझ्याकडे बघून विचारलं.

“आधी पाणी पी म्हणते.”

मावशी पाणी प्यायली आणि मग माझ्यावर बरसली. मी घोडा झालो, अक्कल आली नाही, रस्ताभर ती रडत आली, शेजारणींनाही सांगून आली, त्यांना आता काय तोंड दाखवणार. सगळं खरं होतं. आईनं हात वर करून तिला थांबवलं.

“त्याला बोलू नको म्हणते,” मी म्हणालो. स्वतःचं वकीलपत्र स्वतःच वाचून दाखवताना फार विचित्र वाटतं.

“मग तूच सांग ताई. यानं दात केलेत ना तुझे? का लावत नाहीस?”

“शिट्टी वाजते म्हणते.”

“वाजू दे की. मी काय परकी आहे? किती दिवस झाले तुझा आवाज ऐकून.”

यावर आई बराच वेळ बोलली. हळू, थांबत थांबत, मावशीकडे बघून. मावशी आणि काका माझ्याकडे बघत राहिले. मला सगळं कळलं होतं.

“काय म्हणाली?”

“काही नाही. दमली आहे म्हणते.”

आईनं माझ्या गुडघ्यावर चापट मारली. जोरात. “शांग,” ती म्हणाली. म्हणजे सांग.

मग मला सांगावं लागलं. “ती म्हणते, शिट्टीचं निमित्त आहे. म्हणजे लाज वाटली होती पहिल्यांदा, पण... ती म्हणते, हा लहान होता तेव्हा कोणी काही विचारलं की मला दम निघत नसे. हा अडखळायचा, आणि मला बघवायचं नाही. याचं वाक्य मीच पुरं करून टाकायचे. याला कधी संपवू दिलंच नाही.” तिचं ‘मी’ माझ्या तोंडून बाहेर पडत होतं आणि मला थांबता येत नव्हतं. “आता माझे दात गेले तर हा साबण बदलून आणतो. वर जाऊन भांडून येतो. जबड्यांसमोर उभा राहून बोलायचा सराव करतो, दवाखान्यातल्या बाई मला घरी येऊन सांगून गेल्या. मी पुन्हा बोलायला लागले तर हा पुन्हा गप्प बसेल. त्यापेक्षा मीच गप्प बसलेली बरी.”

मावशीनं पदर डोळ्यांना लावला. मला खरं तर रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. चाळीस वर्षांच्या माणसाला चालायला शिकवावं म्हणून आपण खाट धरायची, हा कुठला न्याय. आणि तेही मला न विचारता. पुन्हा माझ्या वतीनं तिनंच ठरवलं होतं.

“आता बोलतो ते माझं आहे,” मी म्हणालो, “तिचं नाही.” आवाज चिरकला, पण मी रेटून नेलं. “तू गप्प बसलीस म्हणून मला बोलता यायला लागलं नाही, आई. अजूनही येत नाही. आज तर तुला मारून बसलो. मी वर गेलो, दुकानात गेलो, ते तू खिडकीशी बसलेली मला बघवत नव्हती म्हणून. घरात तुझा आवाज असला की मला गप्प बसायची भीती वाटत नाही. तो नसला की वाटते. मला तुझा आवाज हवा आहे. शिट्टीसकट चालेल.”

एवढं बोलून मी उठलो, कारण आता बसून राहिलो असतो तर कोणीतरी मला जवळ घेतलं असतं. वाडगा आणला. दवाखान्याच्या पिशवीतलं मेण काढलं, बोटांनी मऊ केलं आणि कवळीच्या आत पुढच्या दातांमागे पातळसं लावलं.

“लाव,” मी म्हणालो. “साठपासून मोज.”

आईनं लावली. साठला शिट्टी होती, पण आखूड. मी आणखी मेण लावलं तर ‘शाठ’ यायला लागलं, म्हणून थोडं खरवडलं. चौसष्टला मावशीही मोजायला लागली, का ते तिलाच माहीत. सत्तरला पोचल्यावर मी म्हणालो, आता गप्पा. त्या बाबतीत मला काही करावं लागलं नाही. मावशीनं शेजारणींना बहीण गेल्याचं सांगितलं तेव्हा कोण कशी रडली आणि कोण अजिबात रडली नाही, याचा वृत्तांत सुरू झाला आणि आईला प्रत्येकीबद्दल मत होतं. मी शेजारी बसून फक्त ‘स’ ऐकत होतो. मध्येच बोट वर करायचो, आई कवळी काढून हातात द्यायची, मी मेणावर एक हात फिरवायचो, ती परत लावायची आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचलायची. सकाळी दवाखान्यात जाऊन मी मेणाच्या जागी पक्का थर चढवला, घासला, चकचकीत केला. डॉक्टर मॅडमना स्वतःहून सांगितलं की आईचा ‘स’ सुटला. त्यांनी विचारलं, कसा? मी सांगायला लागलो आणि पुरं सांगितलं, फोनसकट. पडद्यापलीकडे नावनोंदणीच्या बाई इतक्या हसल्या की पेशंट ताटकळले.

दुपारी घरी आलो तेव्हा मावशी चहा करत होती. आईनं नवी कवळी लावून पाहिली, आरशात तिरका दात बघितला आणि काही न बोलता माझा कान धरून सोडला. मावशीनं कप मांडले.

“तुला साखर किती रे?” तिनं मला विचारलं.

“दोन च...” आई म्हणाली आणि गपकन थांबली. ओठ घट्ट मिटून माझ्याकडे बघत राहिली. मावशीचा चमचा डब्यावर तसाच राहिला. काकांनी पेपर खाली केला.

“नको,” मी म्हणालो.

“एकच घालू?”

“साखरच नको. मला बिनसाखरेचा आवडतो.”

“कधीपासून?” आईनं विचारलं.

“पहिल्यापासून.”

आई कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होती. चाळीस वर्षांचा चहा तिच्या डोळ्यांसमोरून जात असावा. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?” ती म्हणाली. शेवटचा ‘स’ अगदी स्वच्छ आला. मी उत्तर शोधायला लागलो आणि अडखळलो, आणि ती थांबून राहिली.